वडिलांना आणि मुलाला बीपीची एकच गोळी, मग फरक का पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातले एक गृहस्थ, वय ४४. दिवाळीनंतर त्यांचं बीपी १५६/१०२ निघालं, आणि त्याच आठवड्यात ७६ वर्षांच्या वडिलांचं १७४/७२. दोघांनाही टेल्मिसार्टन ४० सुरू झाली. महिनाभरात मुलाचं १३२/८४ वर आलं, वडिलांचं मात्र जेमतेम १६४/७०. मग वडिलांना अ‍ॅम्लोडिपिन ५ जोडली, पुढे क्लोरथॅलिडोन १२.५. आता घरच्या मशीनवर १३८/६२ दिसतं, पण सकाळी उठून बाथरूमला जाताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, एकदा तर भिंत धरून खालीच बसले. काकांचं म्हणणं, "शंभर अधिक वय एवढं बीपी राहतेच, काहून इतक्या गोळ्या देऊन राहिले?" मुलाला विचारायचंय की म्हातारपणी औषध लागू पडत नाही का, आणि आता गोळ्या बंद कराव्यात का.

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. वयानुसार कोणतं औषध किती बीपी उतरवतं, हा एक. उतरलेलं बीपी शरीराला कितपत पेलवतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या डॉक्टरांनी शोधलेलं दिसतंय, १६४ चे १३८ उगाच झाले नाहीत. गाडी अडलीय ती दुसऱ्यापाशी. आणि त्याचं उत्तर १३८/६२ मध्ये सापडायचं नाही, कारण तो आकडा बसून घेतलेला आहे आणि बाबांना अंधारी येते उभं राहिल्यावर.

आधीच सांगून ठेवतो. बाबांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी), सोडियम, पोटॅशियम, शुगर, पूर्वी हार्टचा त्रास किंवा पॅरालिसिस झालाय का, यातलं काहीच तुमच्या प्रश्नात नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते डॉक्टरांशी बोलायला बसाल तेव्हा हाताशी असावं म्हणून. हे वाचून घरच्या घरी गोळी कमी-जास्त करू नका.

आता पहिला प्रश्न. तिशी-चाळिशीत बीपी वाढतं तेव्हा बहुतेकदा खालचा आकडाही चढलेला असतो, तुमच्यासारखा. बारीक रक्तवाहिन्या आवळल्यामुळे रक्ताच्या वाहण्याला अडथळा वाढलेला असतो. साठीनंतरची गोष्ट निराळी. कूलरला पाणी सोडायची रबरी नळी चार उन्हाळे गेले की कशी कडक होते, तसं महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, होतं. तरुण महाधमनी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते, धक्का पोटात घेते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ते रक्त पुढे सरकवत राहते. कडक झालेली फुगत नाही. म्हणून वरचा आकडा उसळतो आणि मधल्या वेळात दाब टिकत नसल्यामुळे खालचा पडतो. बाबांचं १७४/७२ म्हणजे दोन आकड्यांत १०२ चं अंतर. तुमच्यात ५४. कागदावर दोघांचं निदान 'हायपरटेन्शन' असलं तरी आत चाललंय ते सारखं नाही.

दुसरा फरक किडनीतला. किडनी रेनिन नावाचा पदार्थ सोडते, त्यापासून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते रक्तवाहिन्या आवळतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही सगळी मंडळी याच वाटेवर कुठेतरी नाकाबंदी करतात. तरुण माणसात ही वाट वर्दळीची असते, म्हणून तिथे नाकाबंदीचा परिणाम चांगला दिसतो. वय वाढेल तसं रेनिन कमी होत जातं आणि मीठ-पाणी धरून ठेवण्याचा वाटा वाढतो. वाटेवर वर्दळच कमी असेल तर तीच गोळी एकटी फार काही करू शकत नाही. तुमचा वरचा आकडा २४ ने उतरला आणि बाबांचा १० ने, यात गोळी नकली नाही आणि बाबाही हट्टी नाहीत. मेडिकल स्टोअरवाल्याला उगाच दोष देऊ नका.

म्हाताऱ्या माणसात एकटी दिल्यावर जास्त उतार देणारी औषधं म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन, सिल्निडिपिनच्या जातीची आणि लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी, म्हणजे क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड. हे माझं निरीक्षण आहेच, पण केवळ माझं नाही. १९९९ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी त्याच रुग्णांना एकामागून एक चार जातींची औषधं देऊन पाहिली, तेव्हा लोकांचे दोन गट पडलेले दिसले. ज्यांना रेनिनच्या वाटेवरची औषधं लागू पडतात ते एक, ज्यांना कॅल्शियमची वाट अडवणारी (अ‍ॅम्लोडिपिनच्या जातीची) आणि मीठ काढणारी लागू पडतात ते दुसरे. त्या धाग्यावरूनच ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या नियमावलीत ५५ वर्षांची रेघ आली. साधारणपणे त्याआधी रेनिनवाली गोळी पहिली, त्यानंतर अ‍ॅम्लोडिपिनसारखी पहिली. मधुमेह असेल तर मात्र वय काहीही असो, रेनिनवालीच आधी, कारण लघवीतून प्रोटीन जात असेल तर तिचा किडनीला फायदा होतो.

या रेघेला मी फार चिकटत नाही. एकच गोळी देऊन भागणारा रुग्ण मुळात कमी. दोन गोळ्या लागणार असतील तर आधी कोणती दिली यावरून वाद घालण्यात अर्थ नाही, आणि इथे एक गंमतही आहे. क्लोरथॅलिडोनने मीठ बाहेर गेलं की शरीर घाबरून रेनिन वाढवतं. म्हणजे ओस पडलेल्या वाटेवर पुन्हा वर्दळ सुरू होते आणि मघाशी निकामी वाटलेली टेल्मिसार्टन कामाला लागते. अ‍ॅम्लोडिपिनने पाय सुजतात, ती सूजही टेल्मिसार्टन सोबत असली की कमी दिसते. तेव्हा बाबांच्या तीन गोळ्या म्हणजे डॉक्टरांनी ढीग लावला असं नाही, त्यामागे हिशेब आहे. शिवाय हा सगळा फरक बीपी किती उतरतं याचा. झटका आणि लकवा टाळण्याच्या बाबतीत, उतार सारखा मिळाला तर तो कोणत्या जातीच्या गोळीने मिळाला याने वयोगटागणिक फारसा फरक पडत नाही, असं मोठमोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे.

काकांच्या 'शंभर अधिक वय' बद्दल. हा हिशेब माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांत अजून चालतो, आणि एकेकाळी डॉक्टरही तो मानत. ७६ चे बाबा म्हणजे १७६ ठीक! १९९१ मध्ये अमेरिकेत 'शेप' नावाची चाचणी झाली, साठीपुढचे लोक, फक्त वरचा आकडा वाढलेला, म्हणजे अगदी बाबांसारखे. क्लोरथॅलिडोनपासून सुरुवात केली आणि लकव्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी झालं. तरी शंका उरली होती ती ऐंशीपुढच्यांची. त्यांच्यासाठी 'हायव्हेट' झाली, २००८ मध्ये तिचे निष्कर्ष आले. इंडापामाइड, गरज पडली तर सोबत पेरिंडोप्रिल, आणि ध्येय १५०/८० चं. हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी कमी झालं आणि एकूण मृत्यूही २१ टक्क्यांनी. तेव्हा म्हातारपणी औषध लागू पडत नाही हे चूक. उलट झटक्याचा धोका वयासोबत वाढलेला असल्यामुळे तेवढ्याच उतारात जास्त लोक वाचतात.

पण याच चाचणीतली एक अट लोक सांगत नाहीत. हायव्हेटमध्ये घेताना माणसाचं उभ्याने मोजलेलं वरचं बीपी १४० च्या वर असावं लागत होतं. २०१५ च्या 'स्प्रिंट' मध्ये १२० च्या खाली आणण्याचा फायदा पंचाहत्तरीपुढेही दिसला, तिथेही उभ्याने ११० च्या खाली जाणाऱ्यांना बाहेर ठेवलं होतं, आणि मधुमेही किंवा लकवा होऊन गेलेले त्यात नव्हतेच. म्हणजे हे सुंदर आकडे ज्यांच्यावर मिळाले ते म्हातारे उठून उभं राहिल्यावर गडगडणारे नव्हते. बाबा त्यांच्यात बसतात की नाही, हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

ते मोजायचं कसं, ते सांगतो, कारण दवाखान्यातल्या गर्दीत हेच राहून जातं. माणसाला पाच मिनिटं आडवं झोपवायचं, गप्पा बंद. दंडाला पट्टा बांधलेलाच ठेवून एकदा मोजायचं. मग उभं करायचं, एका हाताने टेबल धरलं तरी चालेल, पण पट्ट्याचा हात कुणीतरी खालून आधार देऊन छातीच्या उंचीला धरायचा. एका मिनिटाला मोजायचं, तीन मिनिटांनी परत. पाठीमागे खुर्ची हवीच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर तो उभं राहिल्याचा उतार. परवाच इथल्या महाल भागातले एक आजोबा आले होते, झोपून १४६/६४, उभं राहून एका मिनिटाला ११२/५८. "चक्कर येते का?" तर म्हणे, "नाही, फक्त थोडं धुकं दिसते." घरच्यांना तोवर चष्म्याचा नंबर बदललाय असं वाटत होतं. तरुणपणी उभं राहिल्याबरोबर मानेतल्या रक्तवाहिन्यांतले सेन्सर दोन-तीन ठोक्यांत हे सांभाळून घेतात. वय झालं की ते मंदावतात, मधुमेह असेल तर आणखीच. रात्रभर आडवं पडून पहाटे लघवीसाठी झटकन उठणं, ही त्यातली सगळ्यात वाईट वेळ. बाबांना त्रास नेमका तेव्हाच होतोय.

हे मोजून झालं की पिशवी. माझ्याकडे सत्तरीपुढचा माणूस पहिल्यांदा आला की मी सांगतो, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, नुसती चिठ्ठी नको. कारण बीपीच्या चिठ्ठीत नसलेली गोळीच बहुतेकदा घोटाळा करते. प्रोस्टेटसाठी रात्री घेतली जाणारी टॅम्सुलोसिन किंवा अल्फुझोसिन उभं राहिल्यावर बीपी पाडते. झोपेची, डिप्रेशनची काही औषधं पाडतात. उलट गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली अ‍ॅसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक बीपी चढवते, आणि टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन सोबत असताना किडनीवर थेट घाला घालते. बीपी चढलं म्हणून चौथी गोळी लागते आणि मूळ कारण गुडघ्यात बसलेलं असतं! बाबांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे का, हा मी तुम्हाला विचारलेला पहिला प्रश्न समजा.

वयाचा आणखी एक परिणाम म्हणजे औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. चाळिशीनंतर किडनीची गाळण्याची क्षमता हळूहळू घटते. अ‍ॅम्लोडिपिन लिव्हरमधून जाते, तिचा अर्धा भाग संपायलाच एरवी ३० ते ५० तास लागतात, म्हाताऱ्या माणसात त्याहून जास्त. त्यामुळे ही गोळी सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून डोस वाढवायचा नसतो. पूर्ण परिणाम दिसायला आठवडे जातात. सत्तरीपुढच्या बारीक अंगाच्या माणसाला मी अडीच मिलिग्रॅमने सुरू करतो, चार आठवडे थांबतो, एका वेळी एकच बदल करतो. बदल भराभर झाले की कशाने चक्कर आली ते कुणालाच सांगता येत नाही.

क्लोरथॅलिडोनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझी ती आवडती गोळी आहे आणि तिचीच मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. बीपी उतरवण्यात, लकवा टाळण्यात उत्तम. पण म्हातारपणी, त्यातही कमी वजनाच्या बायकांमध्ये, ती सोडियम पाडते. आणि सोडियम पडल्याची खूण चक्कर किंवा अशक्तपणापुरती राहत नाही. कामठीहून एका आजीला आणलं होतं. सून सांगत होती, "दोन दिवसांपासून नीट बोलून नाही राहिल्या, देवाची फुलं फ्रिजमध्ये ठेवतात आणि भाजी देवापुढे." घरच्यांनी ठरवलं होतं की विसरण्याचा आजार लागला. सोडियम ११८ होतं, गोळी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली. थांबवल्यावर आणि दवाखान्यात सावकाश सोडियम भरून काढल्यावर आजी पूर्ववत. म्हणून ही गोळी सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायलाच हवं. बाबांचं तपासलं नसेल तर उद्याच रक्त द्या, त्यासाठी उपाशीपोटी असण्याचीही गरज नाही.

यात नागपूरचा उन्हाळा मिसळा. मार्च सरला की माझ्याकडे चक्करवाल्यांची रांग लागते. उष्णतेने त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, घामाने पाणी-मीठ जातं, बीपी आपोआप उतरतं. तरुण माणसाला तहान लागते, तो पाणी पितो. म्हाताऱ्यांना तहानच कमी लागते, वरून रात्री उठावं लागेल म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. डिसेंबरच्या थंडीत बरोबर बसवलेला डोस नवतपात जास्त होतो, यात नवल नाही. मी बऱ्याच जणांचा लघवीवाला डोस एप्रिलमध्ये कमी करतो आणि थंडी पडली की पुन्हा पाहतो. ठरवायचं मात्र घरी मोजलेल्या आकड्यांवरून, कॅलेंडरवरून नाही. जुलाब, उलट्या, ताप असेल त्या दिवशी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन चालू ठेवायची की दोन दिवस थांबवायची, हे डॉक्टरांना फोन करून त्याच दिवशी विचारा. आणि उन्हाळ्याचं निमित्त करून मीठ घातलेलं पन्हं, मठ्ठा, सोबत पापड-लोणचं असा मारा नको. वय वाढतं तसं बीपी मिठाला जास्त दाद देतं, चढतानाही आणि उतरतानाही. 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनवर असलेल्या, किडनी थकलेल्या माणसाने ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

मग बाबांचं काय? तिन्ही गोळ्या बंद करणं हा पर्याय मी बाद करतो. १७४ वर परत जाणं म्हणजे लकव्याच्या दारात जाऊन बसणं. खालचा ६२ आहे म्हणून वरचा सोडून द्या, हेही पटत नाही. खालचा ६० च्या खाली जायला लागला आणि हृदयाच्या नळ्यांचा आजार असेल, तर मात्र मी जपून पावलं टाकतो, कारण हृदयाला स्वतःचं रक्त दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातच मिळतं. उभ्याने मोजून उतार निघाला तर माझा क्रम असा असतो: आधी पिशवीतली बिगर-बीपीची गोळी बदलता येते का पाहायचं, मग पाणी, मग क्लोरथॅलिडोन १२.५ ची ६.२५ करायची. ती रात्री घेत असतील तर सकाळी न्यायची, म्हणजे पहाटेच्या फेऱ्या कमी होतात. बाकी गोळ्या सकाळी की रात्री, याने झटक्यांत फरक पडत नाही, हे २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं, तेव्हा लक्षात राहील ती वेळ धरा. पहाटे उठताना आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं, पोटऱ्या हलवून मगच उभं राहायचं. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा हवा आणि ओली फरशी नको.

ध्येय किती ठेवायचं, हे ७६ या आकड्यावरून ठरत नाही. अंबाझरी तलावावर रोज फेऱ्या मारणारे ८२ चे काका मी १३० च्या खाली ठेवतो आणि ते मजेत असतात. दुसरीकडे ६८ व्या वर्षी खुर्चीतून उठायला दोन माणसं लागणारा, वजन उतरलेला मधुमेही असेल तर त्याला १४५ वर समाधान मानतो. बाबा खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठतात का, बाजारात एकटे जाऊन येतात का, गेल्या वर्षभरात कधी पडलेत का, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. त्यांना त्या तीन उत्तरांतून आधार कार्डापेक्षा जास्त कळेल.

जाताना तुमच्याबद्दल. १३२/८४ हे ४४ व्या वर्षी चांगलं आहे, पण संपलेलं काम नाही. तुम्हाला पुढची तीस-चाळीस वर्षं या बीपीसोबत काढायचीत, त्यामुळे १३०/८० च्या खाली आणण्याचा आग्रह मी बाबांपेक्षा तुमच्या बाबतीत जास्त धरेन. या वयात १०२ चा खालचा आकडा निघाला की मी पोटॅशियम, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन पाहतो आणि बायकोला विचारतो की हे रात्री घोरतात का, घोरता घोरता श्वास थांबतो का. घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा असं आठवडाभर लिहून ठेवा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. खर्रा खात असाल तर मोजायच्या आधी अर्धा तास तरी तोंडात नको, नाहीतर गोळीऐवजी तंबाखूच मोजून याल. बाबांसाठीही तीच वही वापरा, फक्त त्यांच्या पानावर उभ्याने घेतलेल्या आकड्याचा एक रकाना वाढवा.